खड्ड्याची तक्रार अशी करा, की बुजवलेला खड्डा टिकेल

खड्डा दिसला की लगेच फोटो पाठवू नका. एक दिवस थांबा आणि त्यातल्या पाण्यावर लक्ष ठेवा. पाऊस नसताना, नळाला पाणी येण्याच्या वेळेलाच खड्डा भरत असेल तर खाली जलवाहिनी गळतेय. ते काम नाशिक महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचं. पाण्याला वास येत असेल आणि शेजारी चेंबर असेल तर ड्रेनेज तुंबलंय, तक्रार मलनिस्सारणकडे. फक्त पावसानंतर पाणी साचतं? मग रस्त्याचा उतार चुकलाय किंवा पावसाळी गटाराची जाळी बुजलीय, आणि ही बाब बांधकाम विभागाची. गळती तशीच ठेवून वरून डांबर टाकलं की काही दिवसांत तोच खड्डा पुन्हा उघडतो, कारण पाणी खालची खडी सैल करत राहतं. म्हणून गळती असेल तर आधी तिची तक्रार, आणि बांधकामकडे जाताना तिचा क्रमांक सोबत.

रस्ता कोणाचा हेही बघून घ्या. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, तिथे १०३३ वर फोन करायचा. कॉलनीतला रस्ता ले-आउटमधला, म्हणजे प्लॉट पाडताना आखलेला असेल आणि महापालिकेकडे वर्ग झालेला नसेल, तर तक्रार तिथेच अडकते. हे विभागीय कार्यालयात आधी विचारून घ्यावं. नाशिक महापालिकेचे विभाग सहा: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक, म्हणजे सिडको.

तक्रार महापालिकेच्या ई-कनेक्ट ॲपवर करा. खड्डा मोठा असेल तर लेखी अर्जही द्या, दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. 'चौकाजवळ खड्डा आहे' एवढ्यावर कनिष्ठ अभियंत्याला काही सापडत नाही. पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक, समोरच्या दुकानाचं नाव आणि लांबी-रुंदी-खोली लिहा. फोटोत खड्ड्यात काठी उभी धरा, म्हणजे खोली दिसते.

मापाचा उपयोग पुढेही होतो. समजा खड्डा १ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद, १० सेंटिमीटर खोल आहे. म्हणजे ०.०८ घनमीटर. दाबलेलं डांबरमिश्रण घनमीटरला साधारण २.३ टन भरतं, तेव्हा इथे १८० किलोच्या वर माल लागणार. दोन घमेली टाकून फावड्याने थापटलं, तर ते काम झालंच नाही.

दुरुस्तीच्या वेळी शक्य असेल तर समोर उभे राहा. आधी खड्ड्याच्या कडा चौकोनी, सरळ उभ्या कापल्या पाहिजेत. तिरक्या, भुसभुशीत कडेला पॅच धरत नाही, तो कडेपासूनच सुटतो. मग सैल खडी, माती, धूळ आणि पाणी बाहेर काढायचं. तळाला आणि चारही कडांना डांबराचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर लावलं, की ते तपकिरी असतं. ते काळं पडेपर्यंत थांबायचं. घाईत इथेच चुकतं: तपकिरी असतानाच माल पडला तर मध्ये पाणी अडकतं आणि थर चिकटत नाही. माल वाफाळता गरम हवा, गार झालेला दबत नाही. खोली ७-८ सेंटिमीटरच्या वर असेल तर दोन थर, प्रत्येक थर वेगळा दाबलेला. शेवटी पॅच रस्त्यापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे, कारण वाहतुकीने तो आणखी बसतो. खाली राहिला तर पहिल्याच सरीत पाणी धरेल.

भर पावसाळ्यात गरम डांबराचं काम होत नाही. तेव्हा खडी-मुरूम किंवा कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचं डांबरमिश्रण टाकतात. ते तात्पुरतं असतं, म्हणून पाऊस थांबला की पक्क्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा द्या.

खोदाईच्या चरांवर विशेष नजर ठेवा. शहराच्या कडेच्या बऱ्याच वसाहती मळ्यांच्या काळ्या मातीवर आहेत. ती भिजली की फुगते, सुकली की आकसते. निघालेलीच माती चरात लोटून वर डांबर टाकलं तर चर खचणारच. मुरूम १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर दाबून भरायला हवा.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डा निदर्शनास आल्यापासून ४८ तासांत दुरुस्त करायला सांगितलं आहे. तेवढ्यात काही झालं नाही तर आवक क्रमांक घेऊन उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता, आणि शेवटी राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, शहर अभियंता.

रस्ता नवा असूनही उखडला असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) आणि दोष दायित्व कालावधी (कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत) मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. तो कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. पुढच्या अर्जात त्याच कार्यादेशाचा क्रमांक टाका.