पीझो चकती: ओळख, जोडणी आणि थोडी सावधगिरी

बंद पडलेला बझर, वाजणारं शुभेच्छापत्र किंवा स्वयंपाकाचा जुना टायमर फेकून देण्याआधी एकदा उघडून बघा. आत बहुतेक वेळा पितळेची पातळ चकती निघते. तिच्या मधोमध पांढरट सिरॅमिकचा गोल असतो आणि त्यावर चांदीचा पातळ थर. हीच पीझो चकती. मी अशा चकत्या डब्यात जमवून ठेवतो, कारण इतक्या स्वस्तात ठोका ओळखणारा सेन्सर, मायक्रोफोन आणि भोंगा अशी तिन्ही कामं करणारा दुसरा भाग माझ्या माहितीत नाही. फक्त तिचा स्वभाव नीट समजून घ्यावा लागतो. तो न समजताच तारा जोडल्या की 'चालत नाही हो' म्हणून फोन येतात.

आधी आत काय चालतं ते बघू. क्वार्ट्झसारख्या स्फटिकात धन आणि ऋण भारांची मांडणी अशी असते की तिला सममितीचं केंद्र नसतं. एरवी दोन्ही भार एकमेकांना पुरे पडतात. स्फटिक दाबला की मांडणी किंचित सरकते, धनभारांचा मध्य एकीकडे आणि ऋणभारांचा दुसरीकडे जातो, आणि समोरासमोरच्या पृष्ठभागांवर विद्युतभार उमटतो. 1880 मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी हे क्वार्ट्झ, टूर्मलिन अशा स्फटिकांवर दाखवून दिलं. उलट दिशेनेही हे घडायला हवं, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर स्फटिकाचा आकार बदलायला हवा, हे गाब्रिएल लिपमानने 1881 मध्ये गणिताने मांडलं आणि क्युरी बंधूंनी लगेच प्रयोगाने पडताळलं.

आपल्या चकतीत मात्र क्वार्ट्झ नसतो. तिथे बहुधा पीझेडटी असतं, म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं ऑक्साइड. सिरॅमिक असल्यामुळे त्यात असंख्य बारीक कण असतात आणि भट्टीतून निघताना प्रत्येकाची दिशा वेगळी असते. एकाचा परिणाम दुसरा खोडून काढतो. म्हणून कारखान्यात ते गरम करून त्यावर जबरदस्त विद्युतक्षेत्र लावतात. बऱ्याच कणांच्या दिशा जुळतात आणि क्षेत्र काढल्यावरही तशाच राहतात. मग हे सिरॅमिक दाबाला क्वार्ट्झपेक्षा शंभरपटीहूनही जास्त प्रतिसाद देऊ शकतं. पण ठरावीक तापमानाच्या वर गेलं की ही शिस्त मोडते आणि थंड झाल्यावर आपोआप परत येत नाही. त्या मर्यादेला क्युरी तापमान म्हणतात. पीझेडटीच्या प्रकारानुसार ते साधारण 200 ते 350 अंश सेल्सिअस असतं. सोल्डरिंग करताना हे आठवणीत ठेवा.

आता प्रयोग. लाल रंगाचे दोन एलईडी घ्या आणि एकमेकांना उलटे जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. ही जोडी चकतीच्या दोन तारांमध्ये लावा. चकती फोमच्या तुकड्यावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने चकतीच्या मध्यावर पटकन दाब द्या. एक एलईडी लुकलुकेल. दाब तसाच धरून ठेवा. काही होणार नाही, कितीही जोराने धरून ठेवलं तरी. आता रबर झटकन उचला. दुसरा एलईडी लुकलुकेल.

मी हा प्रयोग सगळ्यांना आधी करायला लावतो, कारण चकतीचा अर्धा स्वभाव त्यातच दिसतो. दाबताना तयार झालेला भार एलईडीतून वाहून गेला. दाब स्थिर असताना नवा भार तयार होत नाही. सोडताना आकार पूर्ववत झाला, तेव्हा तितकाच भार उलट दिशेने निघाला. म्हणून पीझोचा वजनकाटा करायच्या भानगडीत पडू नका. वजन ठेवल्याक्षणी आकडा उसळेल आणि लगेच शून्याकडे घसरेल. त्या कामाला स्ट्रेन गेजवाला लोड सेल, म्हणजे स्थिर वजनही मोजणारा सेन्सर, घ्या.

खाली फोम का, तेही सांगतो. चकतीत सिरॅमिक पितळेला चिकटवलेलं असतं. चकती वाकली की सिरॅमिक ताणलं किंवा आक्रसलं जातं आणि भरपूर भार निघतो. तीच चकती कडक टेबलावर सपाट ठेवून दाबली तर वाकायला जागाच उरत नाही आणि एलईडी जेमतेम पेटतो किंवा पेटतच नाही.

सोल्डरिंग. एक तार पितळेच्या कडेला, दुसरी चांदीच्या थरावर. पितळ उष्णता खेचून घेतं, तिथे थोडा वेळ लागतो. चांदीच्या थरावर मात्र फ्लक्स (कथील नीट धरायला मदत करणारं रसायन) लावा, तारेच्या टोकाला आधीच कथील चढवून घ्या आणि एक-दोन सेकंदांत काम उरका. जास्त वेळ टेकवलंत तर थर उखडतो आणि खालच्या सिरॅमिकची दिशा बिघडते ती वेगळीच. जोड मध्यावर न करता थराच्या काठाजवळ करा, तार बारीक आणि लवचिक घ्या, आणि तारेला ओढ बसली तर ती जोडावर येऊ नये म्हणून थोड्या अंतरावर तिला टेपने किंवा गोंदाने बांधून टाका. सिरॅमिक कानशीने घासू नका, त्यात शिसं असतं.

ठोका ओळखायचा असेल तर चकती मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपच्या पिनला, थेट लावू नका. जोरात टिचकी मारली तर तिच्यातून वीस-तीस व्होल्ट सहज निघू शकतात. चकतीच्या दोन तारांमध्ये 1 मेगाओमचा रेझिस्टर लावा, म्हणजे साचलेला भार उतरायला वाट मिळते. पिनकडे जाणाऱ्या तारेत 10 किलोओमचा रेझिस्टर घाला आणि पिनपासून ग्राउंडपर्यंत 5.1 व्होल्टचा झेनर डायोड (त्याहून जास्त व्होल्टेज पिनवर चढू न देणारा भाग) लावा. हे 5 व्होल्टच्या बोर्डासाठी झालं. 3.3 व्होल्टच्या बोर्डाला झेनरही त्या मानाने कमी व्होल्टेजचा लागेल. एका ठोक्यानंतर चकती थरथरत राहते आणि प्रोग्राम एकाचे पाच ठोके मोजतो. पहिला ठोका धरला की पुढचे 50 मिलिसेकंद काहीच मोजू नका. किती आकड्याच्या वरचा ठोका धरायचा, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा आलेले आकडे पडद्यावर छापून बघा.

मायक्रोफोन म्हणून वापरताना सगळ्यांची एकच तक्रार असते: आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. दोष चकतीचा नसतो. विद्युत दृष्टीने ती साधारण 20 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आहे. पुढच्या यंत्राच्या इनपुटचा रोध आणि हा कपॅसिटर मिळून खालचे स्वर गाळणारा फिल्टर तयार होतो. इनपुट 10 किलोओमचा असेल तर साधारण 800 हर्ट्झच्या खालचं सगळं क्षीण होत जातं, म्हणजे आवाजातला भरदारपणाच जातो. इनपुट 1 मेगाओमचा केला की हीच मर्यादा 8 हर्ट्झवर येते. त्यासाठी मध्ये टीएल072 सारख्या ऑप-ॲम्प चिपचा बफर, म्हणजे चकतीला मोठा रोध दाखवून सिग्नल तसाच पुढे देणारा टप्पा, घाला. गिटारच्या थेट इनपुटची सोय असलेला ऑडिओ इंटरफेस असेल तर तेवढीही गरज नाही, तो इनपुट साधारण 1 मेगाओमचाच असतो. तार शील्डवाली घ्या आणि पितळेची बाजू शील्डला जोडा, नाहीतर विजेच्या तारांची घरघर ऐकत बसाल. चकती वाद्याच्या लाकडाला पातळ दुहेरी टेपने चिकटवा. इथे फोम नको, तो कंपनंच पिऊन टाकतो.

भोंगा करणं सर्वांत सोपं: चौकोनी लहरींचा सिग्नल द्या आणि वारंवारता हळूहळू बदलत जा. 27 मिलिमीटरची चकती बहुधा 4 किलोहर्ट्झच्या आसपास एकदम मोठ्याने ओरडते.

हाच उलटसुलट गुण मोठ्या कामांत दिसतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हॅनने पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यात ध्वनिलहरी सोडल्या आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपले. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये तेच घटक लहर सोडतात आणि परतलेली लहर ऐकतात. क्वार्ट्झ घड्याळात चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा 15 वेळा निम्मा केला की बरोबर 1 उरतो, आणि तोच सेकंदाचा ठोका.

फरशीखाली पीझो बसवून वीज बनवायच्या बातम्यांवर मात्र माझा भरवसा नाही. हिशेब करा. 20 नॅनोफॅरॅडच्या चकतीत 20 व्होल्ट आले तर ऊर्जा झाली 4 मायक्रोजूल. 2 व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअरवर चालणाऱ्या एका एलईडीला सेकंदाला 40 मिलिजूल लागतात. म्हणजे सेकंदाला 10,000 टिचक्या! मोठे घटक वापरले तर चित्र सुधारतं, पण दिवाबत्तीपर्यंत पोचत नाही. बॅटरीशिवाय एखादा रेडिओ सिग्नल पाठवणारं बटण वगैरे ठीक.

गॅस पेटवायच्या लायटरमधला पीझो या सगळ्या जोडण्यांपासून दूर ठेवा. त्यात स्प्रिंगची हातोडी सिरॅमिकवर आदळून हजारो व्होल्टची ठिणगी काढते आणि वरचा झेनर तिच्यापुढे पिन वाचवेलच असं नाही.

आणि सगळं जोडूनही चकती गप्प असेल तर ती सर्किटमधून सोडवा आणि मल्टिमीटर कपॅसिटन्सवर लावून मोजा. 27 मिलिमीटरच्या चकतीला 15 ते 25 नॅनोफॅरॅड दाखवत असेल तर ती ठणठणीत आहे, चूक पुढे शोधा. आकडा निम्म्यावर आला असेल तर सिरॅमिकला तडा गेला आहे. शॉर्ट दाखवत असेल तर भिंगातून कडा बघा. बहुतेक वेळा कथलाचा थेंब चांदीच्या थरावरून ओघळून पितळेला टेकलेला असतो.