मतदार यादी आणि आपली खासगी माहिती: या चुका टाळा

मध्य प्रदेशात ४ नोव्हेंबर २०२५ पासून मतदार याद्यांच्या विशेष गहन पुनरीक्षणाचे, म्हणजे सगळे ज्याला ‘एसआयआर’ म्हणतात त्याचे, काम सुरू झाले आणि इंदूरमध्ये घरोघरी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, गणना पत्रके घेऊन फिरू लागले. त्या पत्रकात जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, आई-वडिलांची नावे आणि ऐच्छिक म्हणून आधार क्रमांकही विचारलेला होता. ही माहिती पुढे कोणाकोणाच्या हाती पडते, असा प्रश्न त्या वेळी अनेक मराठी घरांतून, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडून, ऐकायला मिळाला. प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याला मिळणारी उत्तरे बहुधा चुकीची असतात. कोणी सांगतो की सरकारकडे दिलेले सारे गुप्तच राहते, तर कोणी म्हणतो की यादी जाहीरच असते, मग लपवायचे काय उरले. दोन्ही समजुतींमुळे नुकसान होते, कारण आपण दिलेल्या माहितीचा काही भाग कायद्याने जाहीर असतो, काही भाग मागणी केल्यास पाहता येतो आणि काही भाग न्यायालयाच्या आदेशाविना उघडताच येत नाही.

जाहीर काय असते, ते न तपासणे

मतदार नोंदणी नियम, १९६० प्रमाणे प्रारूप (कच्ची) आणि अंतिम अशा दोन्ही याद्या प्रसिद्ध कराव्या लागतात आणि मान्यताप्राप्त पक्षांना त्यांच्या प्रती विनामूल्य द्याव्या लागतात. यादीत मतदाराचे नाव, वडील, आई किंवा पती यांचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक छापलेला असतो. मोबाइल क्रमांक, ईमेल, आधार क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख यादीत छापत नाहीत, आणि संकेतस्थळावरच्या प्रतीत छायाचित्रही नसते.

यादी जाहीर असणे ही मतदाराच्या हिताचीच गोष्ट आहे, हे येथे स्पष्टपणे सांगायला हवे. कोणाचे नाव विनाकारण वगळले गेले, कोणाचे दोनदा लागले, मृत व्यक्तीचे नाव अजून राहिले आहे का, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना यादी पाहता आली तरच उघडकीस येते. बिहारमधील पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, तेव्हा ती नावे कारणांसह जाहीर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट २०२५ रोजी द्यावा लागला. खासगीपणाचे कारण पुढे करून वगळलेली नावे झाकून ठेवणे हे मतदाराचे रक्षण नव्हे.

मात्र यादी कोणत्या स्वरूपात मिळावी, हा वेगळा वाद आहे आणि तो आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस नेते कमलनाथ यांनी मध्य प्रदेशची यादी शोध घेता येईल अशा मजकुराच्या स्वरूपात मागितली होती. निवडणूक आयोगाने मतदारांच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला आणि न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती मागणी फेटाळली. म्हणून आज संकेतस्थळावर यादीची पाने चित्रासारखी मिळतात. या उपायाने घाऊक माहिती गोळा करणाऱ्याचा वेग कमी होतो, पण चिकाटीने काम करणारा थांबत नाही, आणि प्रामाणिक तपासणी करणाऱ्यालाही तितकाच त्रास होतो, असे माझे मत आहे.

अर्जही कोणी पाहू शकतो, हे लक्षात न घेणे

ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. १९६० च्या नियमांतील नियम ३३ प्रमाणे याद्यांशी संबंधित जपून ठेवलेले कागद पाहण्याचा आणि शुल्क भरून त्यांच्या साक्षांकित प्रती घेण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. त्यामुळे फॉर्म ६ (नवीन नोंदणी) किंवा फॉर्म ८ (दुरुस्ती, पत्ता बदल) ला आपण जे जोडतो, ते केवळ कार्यालयाच्या कपाटात राहील असे गृहीत धरू नये. आधार क्रमांक मात्र कोणत्याही परिस्थितीत सार्वजनिक होऊ नये आणि कागद दाखवायचाच झाला तर तो काढून किंवा झाकून दाखवावा, अशा आयोगाच्या सूचना आहेत.

येथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे प्रत्येक ठिकाणी आधारचीच छायाप्रत जोडणे. आधार क्रमांक देणे सक्तीचे नाही, हे आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. नवीन नोंदणी करताना जन्मतारखेसाठी जन्म दाखला, जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो, तर पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँकेचे पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. घरात वीजबिल असताना आधारची प्रत देण्याचे कारण नाही. जी प्रत द्याल तिच्यावर ‘फक्त मतदार नोंदणीसाठी’ असे लिहून तारीख आणि सही आडवी करावी, म्हणजे तीच प्रत दुसऱ्या कामासाठी वापरणे अवघड जाते.

कियोस्कवाल्याचा मोबाइल क्रमांक फॉर्मवर जाऊ देणे

इंदूरमध्ये बऱ्याच शासकीय कामांसाठी लोक एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर, जातात, आणि त्यात गैर काही नाही. अडचण होते ती अशी: आजोबा-आजी कागद घेऊन बसतात, त्यांच्याकडचा फोन मुलाच्या नावावर असतो किंवा घरी राहिलेला असतो, मागे रांग वाढत असते आणि काम अडू नये म्हणून चालक स्वतःचा क्रमांक टाकून ओटीपी घेतो. पावती हातात येते, फॉर्म मंजूर होतो, ओळखपत्रही घरी येते आणि कोणालाच काही खटकत नाही. मात्र त्या मतदाराच्या नोंदीला परका क्रमांक जोडला गेलेला असतो, आणि पुढे डिजिटल ओळखपत्र उतरवून घेताना किंवा दुरुस्ती करताना येणारा ओटीपी त्या परक्या फोनवर जातो.

हा धोका कल्पनेतला नाही. कर्नाटकातील आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीपूर्वी नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते आणि तपासणीत त्यांपैकी केवळ २४ खरे निघाले. बाकीचे अर्ज ज्यांच्या नावाने भरले गेले होते, त्यांपैकी अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता. तेथे नावे वगळली गेली नाहीत, गुन्हा दाखल झाला आणि पुढे आयोगाने ऑनलाइन अर्जांसाठी आधारवर आधारित ई-स्वाक्षरीची अट घातली. तरीही आपला क्रमांक आपल्याच नोंदीला जोडलेला असणे हे सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी संरक्षण आहे. मतदार सेवा पोर्टलवर आपल्या ओळखपत्राचा क्रमांक टाकून पाहावे. ओटीपी आपल्या फोनवर येत नसेल, तर फॉर्म ८ भरून मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. फॉर्म घरच्या मुला-नातवाने भरला तरी क्रमांक मतदाराचाच असावा, आणि ते शक्य नसेल तर निदान घरातल्या विश्वासाच्या माणसाचा असावा. कियोस्कवर वॉट्सॅपने पाठवलेले कागदही चालकाच्या फोनमध्ये तसेच पडून राहतात. म्हणून काम होताच समोर बसूनच ते काढून टाकायला सांगावे, यात संकोच करण्यासारखे काही नाही.

मल्टीची एक्सेल यादी

मला सर्वाधिक काळजी या चुकीची वाटते, कारण ती सद्भावनेने केली जाते. सुदामानगर असो की तिलकनगर, एखाद्या मल्टीच्या (बहुमजली इमारतीच्या) किंवा कॉलनीच्या रहवासी संघातले उत्साही सदस्य निवडणुकीच्या आधी सर्वांची नावे यादीत आहेत का, हे तपासायला घेतात. तक्ता तयार होतो: फ्लॅट क्रमांक, नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल, आणि शेवटच्या रकान्यात शेरे. ‘मुलगी लग्न होऊन पुण्याला’, ‘काका एकटेच, मुले अमेरिकेत’, ‘फ्लॅट बंद, दिवाळीला येतात’. फाइल ग्रुपवर टाकली जाते, तेथून ती वॉर्डातल्या कार्यकर्त्याकडे जाते आणि तेथून कोठे जाते, ते कोणी सांगू शकत नाही.

मतदार यादीत यांतले निम्मेही नसते. एकटा कोण राहतो, कोणाचे घर बंद असते आणि कोणाचा फोन क्रमांक कोणता, ही माहिती कोणत्याही शासकीय अभिलेखात या प्रकारे एकत्र मिळत नाही. ती आपणच एकत्र करून देतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा कायदेशीर बंधनामुळे जाहीर झालेल्या माहितीला लागू होत नाही, त्यामुळे छापील यादीबाबत तो फारसा कामी येणार नाही, आणि म्हणूनच यादीबाहेरची माहिती सांभाळणे अधिक महत्त्वाचे ठरते.

तपासणीचे काम थांबवू नये, ते उपयुक्तच आहे. मात्र तक्त्यात भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि ‘नाव आहे’ किंवा ‘नाव नाही’ एवढेच ठेवले तरी काम पूर्ण होते. फोन क्रमांक संघाच्या सचिवांकडे आधीपासून असतातच, ते या तक्त्यात पुन्हा लिहू नयेत. ज्याच्या नावात अडचण आहे त्याला स्वतंत्रपणे कळवावे, मतदार पर्ची त्या त्या घरात हातोहात द्यावी आणि मतदान झाले की फाइल नष्ट करावी. आधीच फिरलेली फाइल परत घेता येत नाही, पण ग्रुपमधून ती काढणे आणि शेऱ्यांचा रकाना असलेली प्रत कोणाकडे गेली हे विचारणे, इतके तरी करता येते.

भीतीपोटी नाव काढून टाकणे किंवा खोटा पत्ता देणे

छळ करणाऱ्या नवऱ्यापासून किंवा पाठलाग करणाऱ्यापासून दूर राहणाऱ्या स्त्रीसाठी यादीतला घर क्रमांक हा खरा धोका असतो. ब्रिटनमध्ये अशा व्यक्तीला नाव-पत्ता न छापता नोंदणी करता येते, आणि सर्वसामान्य मतदारालाही खुल्या यादीतून आपले नाव वगळून घेता येते. आपल्याकडे सामान्य मतदारासाठी अशी तरतूद नाही, आणि ती व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

तोपर्यंत फॉर्म ७ भरून स्वतःचेच नाव कमी करणे हा उपाय नव्हे, कारण त्यात मताधिकार जातो. खोटा पत्ता देणे तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा स्त्रीने पत्ता बदलाचा फॉर्म ऑनलाइन भरण्याआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याला प्रत्यक्ष भेटून आपली परिस्थिती लेखी द्यावी. घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळालेला असेल तर त्याची प्रतही सोबत न्यावी. नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो आणि त्याच्या मदतीने आधी तो आदेश घेता येतो.

माहिती अधिकारातील नोटीस बाजूला ठेवणे

कोणी माहिती अधिकाराखाली आपल्याबद्दलचे कागद मागितले आणि ती माहिती आपण गोपनीय म्हणून दिलेली असेल, तर कलम ११ प्रमाणे अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत आपल्याला लेखी नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत आपण हरकत नोंदवू शकतो. लोक हे पाकीट न उघडताच ठेवून देतात आणि मुदत निघून जाते. हरकत एका पानाची असली तरी पुरते. कोणती माहिती देऊ नये आणि ती दिल्याने कोणती हानी होईल, एवढे त्यात स्पष्ट लिहावे.

ओटीपी, एपीके आणि मतपेटीची शंका

कोणत्याही बीएलओला घरी येऊन किंवा फोनवर तुमचा ओटीपी मागण्याची गरज नसते. ऑनलाइन फॉर्म भरताना तो आपणच आपल्या हाताने टाकतो. पुनरीक्षणाच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये परके अॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडू नये. बीएलओचे नाव आणि क्रमांक पोर्टलवर मिळतो, किंवा १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतो.

आपण कोणाला मत दिले हे कागदांवरून कळेल, या भीतीने काही ज्येष्ठ मतदार मतदानालाच जात नाहीत. मतदान केंद्रावर आपण सही करतो ती फॉर्म १७-क ची नोंदवही १९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ९३ प्रमाणे मोहोरबंद राहते आणि सक्षम न्यायालयाच्या आदेशाविना उघडत नाही. तिच्यात मत कोणाला गेले याची नोंद मुळात होतच नाही.

नुकसान झाले असेल तर

फसवणुकीत पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. आधारची प्रत चुकीच्या हाती गेल्याची शंका असेल तर आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे इत्यादी) लॉक करावे.

तुमच्या नावाविरुद्ध कोणी फॉर्म ७ भरला असेल, तर नोंदणी अधिकाऱ्याकडे आलेल्या हरकतींची यादी फॉर्म १० मध्ये प्रसिद्ध होते. पुनरीक्षणाच्या काळात ती दर आठवड्याला पाहत जावी. म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नाव वगळता येत नाही. तरीही वगळले गेले तर आदेशापासून पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. इंदूर महापालिकेच्या ८५ वॉर्डांची यादी राज्य निर्वाचन आयोग वेगळी तयार करतो. त्यामुळे विधानसभेच्या यादीत केलेली दुरुस्ती तेथे उमटली आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.