पहिला डीएसएलआर आणि परवडणाऱ्या लेन्स : निवड लेन्सपासून सुरू करा

पहिला डीएसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून दृश्य दाखवणारा आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेताना आधी लेन्स ठरवा, मग ती नीट चालवणारी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) शोधा. बहुतेक ठिकाणी सल्ला नेमका उलटा मिळतो. जास्तीत जास्त मेगापिक्सेलची बॉडी घ्या आणि उरलेल्या पैशात बसेल ती लेन्स लावा, असं सांगतात. त्यातून होतं असं की बॉडी उत्तम असते, पण घरात दिवा लावून मुलांचे फोटो काढायला गेलं की एकही धड येत नाही. बॉडी काही वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स मात्र पुढच्या बॉडीवरही चालते. निकॉनचा एफ माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची कडी) १९५९ पासून, पेंटॅक्सचा के माउंट १९७५ पासून आणि कॅननचा ईएफ १९८७ पासून चालत आला आहे. बरेच जण मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे या माउंटच्या चांगल्या लेन्स आता वापरलेल्या बाजारात मुबलक आहेत. हौशी माणसाला डीएसएलआर घेण्याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

काय टिपायचं ते ठरवा

माणसं, पक्षी, निसर्ग की घरातले प्रसंग, यातलं एक निवडा. एवढं पुरे.

बॉडी

एपीएस-सी सेन्सरची (प्रकाश टिपणारा पृष्ठभाग फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असलेली), साधारण २०१३ नंतरची कोणतीही बॉडी हौशी कामाला पुरते. २४ मेगापिक्सेल भरपूर झाले, १६ सुद्धा चालतात. फुल फ्रेमच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) मागे लागू नका, कारण तिथे बॉडीपेक्षा लेन्सच खिसा रिकामा करतात.

मेगापिक्सेलपेक्षा दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची खिडकी. निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी अशा सुरुवातीच्या बॉडींत त्यामागे आरशांचा पेंटामिरर असतो. त्यात दृश्य थोडं अंधुक दिसतं आणि फ्रेमचा साधारण ९५ टक्के भागच दिसतो. डी७२०० किंवा ८०डी मध्ये काचेचा पेंटाप्रिझम आहे आणि जवळजवळ पूर्ण फ्रेम दिसते. दुसरी गोष्ट डायलची. दोन डायल असले की शटर एका बोटाशी आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं लहानमोठं होणारं छिद्र) दुसऱ्या बोटाशी राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं : नवी कोरी सुरुवातीची बॉडी आणि वापरलेली मधल्या श्रेणीची बॉडी एकाच किमतीत मिळत असतील, तर दुसरी घ्या. याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे फोकसच्या भागात येईल.

वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा उघडलंय ते विचारा. या श्रेणीतली शटर साधारण एक ते दीड लाख फोटोंसाठी बनवलेली असतात. निकॉनच्या मूळ जेपेग फाइलमध्ये हा आकडा मिळतो, कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर (एफचा आकडा मोठा, तितकं अ‍ॅपर्चर लहान) एक फोटो काढा, सेन्सरवरची धूळ लगेच दिसते. धूळ साफ होते. ओरखडा असेल तर सौदा सोडून द्या.

कोणत्या लेन्स

किट लेन्सला, म्हणजे बॉडीबरोबरच मिळणाऱ्या लेन्सला नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नका. स्थिरीकरण (हाताच्या थरथरीने फोटो हलू न देणारी सोय) असलेली १८-५५ मिलिमीटर वापरलेल्या बाजारात अगदी स्वस्त मिळते आणि एफ/८ वर उजेडात काढलेला फोटो पाहून लेन्स ओळखता येत नाही. तिची मर्यादा अंधारात कळते. ५५ मिलिमीटरला ती एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. किट लेन्सला १/१० सेकंद लागत असेल तिथे प्राइमला १/१०० पुरतो, आणि हलणारं मूल एकात धूसर येतं, दुसऱ्यात स्वच्छ. म्हणून दुसरी लेन्स प्राइमच घ्या.

आता कोणती प्राइम? '५० एफ/१.८ सगळ्यांनी घ्यावीच' हा सल्ला फिल्मच्या काळातून तसाच उचललेला आहे. एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे ५० मिलिमीटरचा दृश्यकोन निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० मिलिमीटरसारखा अरुंद होतो. चेहऱ्यांसाठी तो सुरेख आहे, पण खोलीत बसलेली चार माणसं एका फ्रेममध्ये घ्यायची तर पाठ भिंतीला लागते. एकच प्राइम घेणार असाल तर निकॉनवर २००९ ची एएफ-एस डीएक्स ३५ एफ/१.८जी घ्या. कॅननवर २०१४ ची ईएफ-एस २४ एफ/२.८ एसटीएम घ्या. ती थोडा कमी प्रकाश घेते, पण लहान, हलकी आणि काठापर्यंत स्वच्छ आहे. कॅननवर ५० च हवी असेल तर २०१५ ची एसटीएम आवृत्ती घ्या. १९९० ची जुनी आवृत्ती अजून विकायला येते, पण तिचा माउंट प्लास्टिकचा आहे आणि ती ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. नवी ३५ सेंटिमीटरपर्यंत जाते.

लांबच्या झूममध्ये कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम ही मला माहीत असलेली सगळ्यात इमानदार स्वस्त लेन्स आहे. ईएफ ७५-३०० घेऊ नका. तिच्या नेहमी दिसणाऱ्या आवृत्त्यांत स्थिरीकरण नाही आणि ३०० ला तपशील विरघळतो. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० चांगली आहे, मात्र ती दोन रूपांत येते. नावात 'व्हीआर' असलेलीच घ्या, दुसरीत स्थिरीकरण नाही आणि जाहिरातीच्या फोटोत दोन्ही लेन्स सारख्याच दिसतात.

लेन्स तुमच्या बॉडीवर फोकस करते का

पैसे देण्याआधी हे तपासाच. कॅननवर काम सोपं आहे : प्रत्येक ईएफ लेन्समध्ये फोकस करणारी स्वतःची मोटर असते. ईएफ-एस लेन्स फक्त एपीएस-सी बॉडीवर बसतात, तेवढं लक्षात ठेवा.

निकॉनवर मात्र अक्षरं वाचावी लागतात. नुसतं 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लिहिलेल्या निकॉनच्या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींत ती नाही, डी७००० मालिकेत आहे. स्वस्त मिळाली म्हणून ५० एफ/१.८डी घेतली आणि बॉडी डी५६०० असली तर आयुष्यभर हाताने फोकस करावं लागेल. 'एएफ-एस' असेल तर निर्धास्त राहा. 'एएफ-पी' लेन्स २०१६ मध्ये आल्या आणि त्याआधीच्या बऱ्याच बॉडींवर त्या फोकसच करत नाहीत. डी३२००, डी५१०० आणि डी७००० या त्यातल्याच. डी३३०० आणि डी५३०० वर त्या चालतात, पण आधी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं.

काच तपासणे

फोनचा टॉर्च मागच्या काचेतून टाका आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी परत करा. चार-दोन धुळीचे कण फोटोत दिसत नाहीत, त्यावरून घासाघीस मात्र जरूर करा. निकॉनच्या बहुतेक एएफ-एस लेन्सच्या मागे अ‍ॅपर्चरची बारीक दांडी असते, ती सरकवून सोडली की पाकळ्या झटकन मिटल्या पाहिजेत. आळसावून मिटत असतील तर त्यांवर तेल आलंय.

मग सपाट भिंतीवर छापील कागद चिकटवून समोरून एक फोटो काढा. एफ/८ वर एक बाजू स्वच्छ आणि दुसरी मऊ (धूसर) येत असेल, तर आतली काच तिरकी बसली आहे. कॅमेरा भिंतीला समांतर होता ना, एवढं पाहून पुन्हा काढा, आणि तेच आलं तर लेन्स सोडा.

फोकसची चाचणी : इथे घाई करू नका

अख्ख्या खरेदीत मला सगळ्यात जास्त छळलेला टप्पा हा. प्राइम घेतली, बॉडीवर लावली, एफ/१.८ वर डोळ्यांवर फोकस केला, कॅमेऱ्याने हिरवा ठिपकाही दाखवला. मोठ्या पडद्यावर पाहावं तर डोळे मऊ आणि कान स्वच्छ. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : 'स्वस्त लेन्स अशाच असतात, एफ/२.८ च्या खाली वापरू नकोस.' हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी असंख्य चांगल्या लेन्स बदनाम होऊन विकल्या जातात.

डीएसएलआर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करतो तेव्हा फोटोचा सेन्सर झाकलेला असतो. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरवर पडतो. लेन्सपासून तिथपर्यंतचं अंतर आणि फोटोच्या सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. त्यात केसभर फरक असला, किंवा लेन्स आणि बॉडी यांच्यातले छोटे फरक एकाच दिशेने साचले, की फोकस ठरलेल्या जागेच्या पुढे किंवा मागे पडतो. किट लेन्सवर हे लपून राहतं. एक मीटरवर ५५ मिलिमीटर, एफ/५.६ ला साधारण सात सेंटिमीटर खोलीचा भाग स्वच्छ येतो. ५० एफ/१.८ ला त्याच अंतरावर तीन सेंटिमीटरही मिळत नाहीत. दोष पूर्वीपासून तिथेच असतो, प्राइम लावल्यावर तो उघडा पडतो.

लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, मात्र आरसा वर जातो आणि कॅमेरा थेट फोटोच्या सेन्सरवरूनच फोकस करतो. मधला वळसा संपतो. म्हणून लेन्स खरंच मऊ आहे की फोकस चुकतोय, हे ओळखायचा सरळ मार्ग म्हणजे तोच फोटो दोन्ही रीतींनी काढून शेजारी शेजारी ठेवणं.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्थिरीकरण बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. ठळक छपाई असलेला खोका सरळ उभा करा आणि त्याच्या शेजारी एक पट्टी तिरकी टेकवून ठेवा, म्हणजे स्वच्छ भाग पुढे सरकलाय की मागे ते वाचता येईल. अंतर फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) किमान पंचवीसपट, म्हणजे ५० साठी सव्वा मीटरच्या पुढे ठेवा. फार जवळून केलेली चाचणी फसवते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फक्त मधला फोकस बिंदू, आणि दिवसाचा उजेड. पिवळ्या बल्बखाली फोकस सेन्सरचं मोजमाप बदलू शकतं, त्यामुळे रात्री घरात केलेल्या चाचणीवर मी भरवसा ठेवत नाही.

प्रत्येक फोटोआधी फोकसची रिंग फिरवून पार बिघडवा आणि मग कॅमेऱ्याला नव्याने फोकस करू द्या. व्ह्यूफाइंडरमधून असे पाच-सहा आणि लाइव्ह व्ह्यूमधून दोन-तीन फोटो काढा. एकाच फोटोवरून निकाल देऊ नका. ऑटोफोकस प्रत्येक वेळी थोडा इकडेतिकडे जातोच, बघायची ती त्याची सवय.

मग संगणकावर शंभर टक्के मोठं करून बघा. लाइव्ह व्ह्यूमधलेही फोटो मऊ असतील तर लेन्सच कच्ची आहे, परत करा. लाइव्ह व्ह्यूमधले स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमधले सगळे एकाच दिशेने चुकलेले असतील तर लेन्स उत्तम आहे, फक्त जुळवणी हवी. व्ह्यूफाइंडरमधले कधी पुढे, कधी मागे असे भरकटत असतील तर जुळवणीने ते सुधारणार नाही. तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावून बघा, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल.

मधल्या श्रेणीची बॉडी घ्या म्हणाले ते याचसाठी. निकॉनच्या डी७०००, डी७१००, डी७२०० आणि डी७५०० मध्ये 'एएफ फाइन-ट्यून' ही जुळवणीची सोय आहे. कॅननच्या ७०डी, ८०डी आणि ९०डी मध्ये 'मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट' आहे. ६०डी मध्ये ती नाही, हे घेताना ध्यानात ठेवा. उणे वीस ते अधिक वीस यांत आकडा बदलायचा. फोकस मागे पडत असेल तर उणे बाजूला, पुढे पडत असेल तर अधिक बाजूला. पाच-पाचच्या पायऱ्यांनी जा, जवळ आलात की एकेक. कॅमेरा तो आकडा त्या लेन्सच्या नावाने लक्षात ठेवतो. आकडा वीसला जाऊन टेकला आणि तरी चुकत असेल तर दुरुस्ती केंद्राचा रस्ता धरा.

डी३००० आणि डी५००० मालिकांत, तसंच कॅननच्या तीन-चार आकडी सुरुवातीच्या बॉडींत ही सोय नाही. तिथे दोन मार्ग उरतात : स्थिर विषयासाठी लाइव्ह व्ह्यू वापरा, किंवा जिच्यात जुळवणी लेन्समध्येच करता येते अशी लेन्स घ्या. सिग्माच्या आर्ट, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्‌स मालिकांतल्या लेन्ससाठी यूएसबी डॉक मिळतो आणि टॅमरॉनच्या काही नव्या लेन्ससाठी टॅप-इन कन्सोल.

वापरलेली लेन्स घेताना दोन-तीन दिवसांत परत करायची मुभा मागून घ्या. ही चाचणी विकणाऱ्याच्या टेबलावर उभ्या उभ्या होत नाही, आणि मुभा द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून मी एफ/२ पेक्षा मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स घेत नाही.

बाकीचं

लेन्सबरोबर पुढे लावायचा स्वस्त फिल्टर गळ्यात मारतात. नको म्हणा, त्याने फोटोत दिव्यांची भुतं, म्हणजे पुसट प्रतिबिंबं उमटतात. त्याऐवजी लेन्स हूड घ्या. पुढे कधी दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फ्लॅश वापरायचा बेत असेल, तर कॅनन १५००डी आणि २००डीची दुसरी आवृत्ती टाळा. त्यांच्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही, त्यामुळे बहुतेक साधे फ्लॅश आणि ट्रिगर त्यांवर पेटतच नाहीत.