सेट उतरवायच्या आधी पुढचं काम विचारा

मी नागपुरात नेपथ्य करते. फ्लॅट, म्हणजे सेटच्या लाकडी चौकटीच्या भिंती, ठोकायचे, रंगवायचे, टेम्पोत चढवायचे, सगळं मीच. नवीन पोरं विचारतात, "ताई, पुढचं काम कुठून येते?"

रंगीत तालमीतून. प्रयोग झाला की सगळे जेवायला पांगतात, दुसऱ्या दिवशी तुमचं नावही कोणाला आठवत नाही. तालमीच्या संध्याकाळी मात्र दिग्दर्शक धास्तावलेला असतो आणि सेट उभा पाहिला की त्याचा जीव भांड्यात पडतो. तेव्हाच विचारायचं, "भाऊ, यानंतर काय ठरलं?" "काम असेल तर सांगा" म्हणालात तर तो "हो" म्हणतो आणि विसरतो.

वर्ष सणांवर बांधा. पोळ्याआधी महाल-इतवारीत बडग्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांची गडबड, मग गणपती, देवी. हिवाळ्याच्या तोंडाशी राज्य नाट्य स्पर्धा. तिथे पैसे कमी, पण सगळ्या संस्था एका हॉलमध्ये भेटतात. त्याच सुमारास शाळांची स्नेहसंमेलनं. एप्रिल-मे कोरडे. मी मुलांची उन्हाळी शिबिरं घेते, कूलरसमोर.

खरी कमाई झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांची, दिवाळी ते होळी. हंगामाआधी वडशाला स्वतः जा, या नाटक कंपन्या तिथेच आहेत; फोनवर कोणी पडदा रंगवायला देत नाही. मोबाइलमधले फोटो तिथे सगळेच दाखवतात. मी रंगवलेल्या कापडाचा हातभर तुकडा नेते, रस्त्यापलीकडे धरून दाखवते. नाटक रात्रभर चालतं, मागच्या रांगेतल्या माणसाला झाड झाडच दिसलं पाहिजे ना!

पैशाचं आधी बोला. एका मंडळानं माझे पैसे सात महिने लटकवले, कारण सगळं तोंडी होतं. आता मी ठरलेली रक्कम, तारीख आणि "सामानाचे पैसे आधी" एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते आणि समोरून "ओके" आल्याशिवाय प्लाय आणत नाही. बिलात सामान वेगळं, मजुरी वेगळी. मोठी संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे कर आधीच कापते, पॅन दिला नाही तर २०. कापलेला पैसा आपल्या पॅनवर जमा झाला का ते टॅक्सच्या साइटवर बघा आणि रिटर्न भरा. कर बसत नसेल तर तो परत येतो. मी पहिली चार वर्षं भरलंच नाही, गेले ते पैसे.

आणि हो, सेट उतरवताना खिळे मोजून घ्या. तेही पुढच्या कामाला लागतात.