इनलाइन स्क्रिप्टवालं पेज जुनंच दिसतंय? कॅश असं सेट करा

चवथीच्या तोंडावर डिचोलीला मेव्हण्याच्या दुकानातल्या माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) सामानाचे दर मी एका साध्या पेजवर टाकले होते, कांगलं, आंबाडे, सुपारीचे घड, सगळं त्याच पेजच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये. 20 दिवसांनी घडाचा दर बदलला, माझ्या मोबाइलवर नवा दिसतोय, आणि गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरून म्हणतं, भाऊ इथं तर जुनाच आहे. खरंच जुना होता.

कारण असं की इनलाइन स्क्रिप्टला, म्हणजे पेजच्या आतच लिहिलेल्या कोडला, स्वतःचा पत्ता नसतो. ब्राउझर उतरवलेल्या फाइली कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, पत्त्यावरून ठेवतो, त्यामुळे ही स्क्रिप्ट पेजच्या एचटीएमएल फाइलीच्या पोटातच राहते, पेज जुनं तर तीही जुनी. आणि कॅश-कंट्रोल हेडर (साठा कसा वापरायचा ते सांगणारी, सर्व्हर पेजबरोबर पाठवतो ती ओळ) दिलाच नसेल तर ब्राउझर लास्ट-मॉडिफाइड, म्हणजे पेज शेवटचं बदलल्याची तारीख, बघून आपला अंदाज लावतो, पेज जितकं जुनं त्याच्या साधारण 10 टक्के वेळ. 20 दिवसांचं पेज म्हणजे 2 दिवस सर्व्हरला न विचारता चालवून घेऊ शकतो!

तर आधी एचटीएमएलला कॅश-कंट्रोल: नो-कॅश द्या. नावावर जाऊ नका, याचा अर्थ ठेवूच नको असा नाही, ठेव पण दाखवायच्या आधी विचार, असा आहे. ईटॅग (फाइलीच्या आवृत्तीची खूण) असेल आणि काही बदललं नसेल तर सर्व्हर नुसता 304, म्हणजे बदल नाही एवढंच, पाठवतो, पेज परत उतरत नाही, पावसात रेंज कमी असते तेव्हा याचा फार फरक पडतो. नो-स्टोअर, म्हणजे ठेवूच नको, मात्र इथे नको, त्यात प्रत्येक वेळी सगळं नव्याने येतं.

मग स्क्रिप्ट बघा. चार ओळी असतील तर राहू दे आत. मोठी असेल तर वेगळ्या फाइलीत काढा, नाहीतर एक दर बदलला की सगळा कोड परत उतरतो. त्या फाइलीला कॅश-कंट्रोलमध्ये मॅक्स-एज (किती वेळ न विचारता वापरायची ते) 31536000 सेकंद, म्हणजे एक वर्ष, द्या आणि कोड बदलला की फाइलीचं नावच बदला. त्याच नावावर नवी चढवली तर नव्या पेजला जुनी स्क्रिप्ट मिळते आणि बटणं चालत नाहीत. सामानाचे दर मात्र पेजमध्येच ठेवा.

तपासताना रिलोड मारू नका, रिलोडला ब्राउझर सर्व्हरला विचारतोच, मी तिथेच फसलो. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये एफ12 दाबून नेटवर्क टॅब उघडा, डिसेबल कॅशची टिक काढा, आणि गिऱ्हाईक उघडतं तशी लिंकवरून पेज उघडा. पेजसमोर 304 आणि स्क्रिप्टसमोर डिस्क कॅश किंवा मेमरी कॅश दिसलं की झालं.