जिप्सी उंच करायच्या आधी तिच्याखाली झोपा

जुनी जिप्सी घेतली की माणूस पहिल्या आठवड्यात काय करतो, तर मोबाइलवर मोठे टायर बघत बसतो. मीही तेच केलं. १९९८ची जिप्सी किंग, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली, एमएच ०४ पासिंग, आणि कळव्यात खाडीच्या बाजूला सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी. टायर, लिफ्ट म्हणजे गाडी उंच करणं, पुढचा लोखंडी बंपर, सगळ्याची यादी तयार होती आणि घोडबंदर रोडला साठच्या स्पीडला एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की यादी डोक्यातून गेलीच. म्हणून इथे आधी खालचं काम सांगतो, वरचं नंतर.

पहिलं म्हणजे जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. जॅक फक्त उचलायला, वजन जॅक स्टँडवर. चेसिसखाली दोन्ही बाजूला स्टँड, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि आत जायच्या आधी गाडीला एक चांगला धक्का मारून बघा. विटा लावणारे लोक आहेत, त्यांना काय बोलणार, वीट फुटते.

आता थडथड. पुढचं चाक हवेत असताना टायरला वर आणि खाली हात लावून, म्हणजे घड्याळात बारा आणि सहाच्या जागी, आत बाहेर हलवा. खेळ लागला तर घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेरिंग सैल आहे, तसाच राहिला तर किंगपिनची, म्हणजे ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं त्या खुंटीची, बेरिंगं गेलीत. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, तिथे खेळ असेल तर टाय रॉडचे एंड किंवा स्टिअरिंग बॉक्स. दहा मिनिटांचं काम आहे आणि यात पैसे वाचतात, कारण बरेच जण नुसता स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के दाबणारा शॉक अब्सॉर्बर, नवीन टाकून मोकळे होतात, थडथड दोन महिने दबते आणि परत येते.

माझी किंगपिन होती. एका बाजूला वर एक, खाली एक अशी बेरिंगं, आणि टोपीखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. ब्रेकचं कॅलिपर काढलं की तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. हब आणि स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते भाग) काढून आतला एक्सल शाफ्ट बाहेर ओढा, टाय रॉड सोडवा, आणि वरची टोपी कुठली खालची कुठली यावर मार्करने खूण करा. शिम ज्या टोपीचे त्याच टोपीबरोबर वेगळ्या डबीत, मी दोन स्टीलच्या वाट्या वापरल्या आणि आईने त्या परत स्वयंपाकघरात घेतल्या नाहीत, असो. शिम कमी केले की बेरिंग घट्ट होतं, वाढवले की सैल. नकल, म्हणजे चाकासकट वळणारा भाग, हाताने फिरताना थोडा जड पण एकसारखा फिरायला हवा, मध्येच अडकला तर बेरिंगचा कप नीट बसलेला नाही.

उघडलंच आहे तर सील पण बदला. नकलच्या मागे ओलं आणि पातळ तेल दिसत असेल तर एक्सलच्या आतलं ऑइल सील गेलंय, गिअर ऑइल बाहेर येऊन ग्रीस पातळ करतंय, आणि नुसतं बाहेरचं फेल्ट आणि रबर बदलून काही होत नाही. सुटे पार्ट कुर्ल्याला मिळतात, पण जुनं बेरिंग खिशात घेऊन जा आणि त्यावरचा नंबर जुळवून घ्या, दुकानदार सांगेल तेवढ्यावर जाऊ नका. निपल, बुश असं काही बनवून घ्यायचं असेल तर वागळे इस्टेटला लेथवाले आहेत.

गंजाचं प्रकरण मात्र वेगळंच. खाडीची खारी हवा, वर आपला चार महिन्यांचा पाऊस, जिप्सीचा पत्रा किती टिकणार. मी गाडी घेतल्यावर एका गॅरेजमध्ये खालून काळं कोटिंग मारून घेतलं, छान दिसत होतं, आणि वर्षाने ड्रायव्हरच्या पायाखाली सहज स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला. गंजावर कोटिंग मारलं की पाणी आतच अडकतं. त्यामुळे आधी मॅट उचला, बॅटरीच्या ट्रेखाली बघा, बॉडी माउंटच्या आसपास हातोडीने हलकं ठोका. टणटण वाजलं तर पत्रा आहे, बदबद वाजलं तर कापायचा. कुजलेला भाग कापून पॅच वेल्ड, त्यावर झिंकवाला प्रायमर, रंग, मग कोटिंग. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघा, जवळ असेल तर टाकी उतरवूनच. हे मी सोसायटीत केलं नाही, वेल्डरकडे गाडी नेली. सोसायटीत तर तेल बदलतानाच काका खाली आले, "अरे बाळा, हे डाग कोण पुसणार?" तेव्हापासून खाली पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा.

गिअर ऑइल बदलताना आधी भरायचा नट उघडा, मग खालचा. भरायचा नट जाम असेल आणि तुम्ही तेल आधीच काढलं तर गाडी जागेवर बसली. निघालेलं तेल दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय.

ते पाणी आत जाऊ नये म्हणूनच माझं आवडतं मॉडिफिकेशन, ब्रीदर, म्हणजे अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर जायची छोटी वाट. चालून तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. अ‍ॅक्सलवरचा छोटा ब्रीदर काढून त्याच मापाचं निपल (नळी लावायचं छोटं तोंड) बसवा, त्याला पेट्रोलची रबरी नळी लावून पुढची इंजिन बेमध्ये वरपर्यंत, मागची चेसिसवरून उंच न्या, टोकाला छोटा फिल्टर, तोंड खाली. नळी सायलेन्सरपासून लांब आणि अ‍ॅक्सल खाली लोंबेल एवढी ढिली. खर्च फारसा नाही, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर लिफ्टपेक्षा हेच कामाला येतं.

लिफ्ट करायचीच असेल तर लांब शॅकल (पाट्याला, म्हणजे लीफ स्प्रिंगला, चेसिसशी जोडणारी पट्टी) टाकून करू नका, कॅस्टर म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा किंगपिनचा कल कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. पाट्यात एक जास्तीचं पान बरं, पण ब्रेकच्या नळ्या ताणतात का आणि प्रॉपेलर शाफ्टचा (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन किती झाला ते बघा. कायद्याचंही बघा, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, लोखंडी बुल बारविरुद्ध, म्हणजे पुढच्या जाड गार्डविरुद्ध, २०१७ पासून केंद्राच्या सूचना आहेत, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगला गाडी उभी करायची असते. माझी पुढची वेळ २०२८ला, म्हणून बंपर अजून यादीतच आहे.

पाटे उघडले असतील तर त्यांना अ‍ॅक्सलशी बांधणारे यू बोल्ट पहिल्या शंभर दोनशे किमीनंतर परत आवळा, ते बसतात आणि ढिले होतात. मी विसरलो होतो, तर डाव्या बाजूने टकटक यायला लागली आणि अ‍ॅक्सल किंचित मागे सरकलेला निघाला.