कॉलेज सोडून प्रो व्हायचंय? आधी डिसेंबरचं गणित बघ

मागच्या सुट्टीत पुण्याला घरी गेले होते तेव्हा येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर एका मुलीच्या आईने मला गाठलं. मुलगी सतरा वर्षांची, अमेरिकेतल्या दोन-तीन कोचेसशी बोलणी चालू, आणि काकूंचा प्रश्न असा की चार वर्षं कशाला घालवायची, दोन वर्षांनी कॉलेज सोडून एलपीजीएला, म्हणजे बायकांच्या प्रो गोल्फच्या टूरला, गेली तर चालणार नाही का? रोझ झँग नाही का गेली? उभ्याउभ्या मी काहीतरी बोलले पण घरी आल्यावर वाटलं अर्धंच सांगितलं, म्हणून हे लिहितेय.

माझं थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१८ ते मे २०२२ अमेरिकेत एका डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजच्या टीममध्ये खेळले, चारही वर्षं पूर्ण केली, आता नोकरी करते, टूरवर नाहीये. त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षं आंबट असं कुणाला वाटलं तर तेवढी सूट देऊन वाचा.

मुलं कॉलेज सोडतात म्हटलं की लोकांना वाटतं वर्ष संपल्यावर रीतसर सोडत असतील. तसं नसतं. कॉलेजचा सीझन दोन तुकड्यांत असतो, सप्टेंबर ते नोव्हेंबर फॉल आणि मग फेब्रुवारी ते मे स्प्रिंग, आणि एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेजच्या खेळांची संस्था, तिची चॅम्पियनशिप मे महिन्यात. आणि एलपीजीएच्या क्वालिफायिंगचा शेवटचा निकाल लागतो बरोबर मधे, हिवाळ्याच्या तोंडावर. म्हणजे ख्रिसमसच्या सुट्टीला घरी निघालेल्या मुलीच्या हातात कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना, येतं आणि जानेवारीत टीमला तिची गरज असते. टीममध्ये पाच जणी खेळतात, चार स्कोअर धरतात. पाचातली सगळ्यात चांगली गेली की बाकीच्यांचं काय होतं ते मी बघितलंय, आणि ती जाणार हे आम्हाला व्हॅनमध्ये कळलं होतं, सांगितलंही नव्हतं धड.

माझं पहिलंच वर्ष होतं तेव्हा हा विषय सगळ्या टीम्समध्ये पेटला होता. २०१८ ला एलपीजीएने क्वालिफायिंगच्या शेवटच्या स्टेजसाठी क्यू-सिरीज नावाचा नवीन प्रकार आणला, पाइनहर्स्टला आठ राउंड, दोन आठवडे, पहिल्या ४५ जणींना कार्ड. आणि अमॅच्युअर, म्हणजे अजून प्रो न झालेल्या, मुलींना मुभा दिली की कार्ड मिळालं तरी कॉलेजचा सीझन संपवून मग या. वेक फॉरेस्टची जेनिफर कुपचो आणि आर्कान्साची मारिया फासी, दोघी थांबल्या. अलाबामाच्या लॉरेन स्टीफन्सन आणि क्रिस्टन गिलमन थांबल्या नाहीत, जानेवारीत टीममध्ये परत आल्याच नाहीत. थांबलेल्या दोघी एप्रिल २०१९ मध्ये ऑगस्टा नॅशनलवर पहिल्यावहिल्या विमेन्स अमॅच्युअरमध्ये शेवटच्या जोडीत खेळल्या, कुपचो जिंकली, आणि मे मध्ये फासीने एनसीएएचं वैयक्तिक टायटल घेतलं. आमचे कोच ते फुटेज इतक्यांदा दाखवायचे की विचारू नका, त्यांचा हेतू उघड होता.

पण यावरून थांबणंच बरोबर असा निष्कर्ष काढू नका. झँगने स्टॅनफर्डमध्ये दोन वर्षांत दोन एनसीएए टायटलं घेतली, मे २०२३ च्या शेवटी प्रो झाली आणि पुढच्याच आठवड्यात पहिलीच टुर्नामेंट जिंकली, चार लाख साडेबारा हजार डॉलर. प्लेऑफमध्ये तिने हरवलं कुणाला, तर चार वर्षं पूर्ण केलेल्या कुपचोला! स्वीडनच्या दोघींचं बघा: माया स्टार्क ओक्लाहोमा स्टेट दोन वर्षांत सोडून गेली आणि २०२५ ला यूएस विमेन्स ओपन जिंकली. इंग्रिड लिंडब्लाड लुइझियाना स्टेटमध्ये पाच वर्षं राहिली आणि त्याच २०२५ मध्ये एलपीजीएवर पहिल्याच वर्षी जिंकली. लॉरेना ओचोआ तर २००२ लाच अॅरिझोना दोन वर्षांत सोडून गेली होती. म्हणजे नावं काढून वाद घालायचा तर दोन्ही बाजूंना हवी तेवढी मिळतात.

मग बघायचं काय, तर निघायच्या दिवशी तुझ्या हातात नक्की काय आहे.

माझी रूममेट कोलंबिया देशातली होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती गेली. तिच्या हातात एलपीजीए कार्ड नव्हतं, खालच्या सिमेट्रा टूरचं स्टेटस होतं, ज्याला आता एप्सन टूर म्हणतात. तिने खोलीतला राइस कुकर मला दिला आणि म्हणाली मला आता मोटेलमध्ये राहायचंय, होस्ट फॅमिली मिळाली तर ठीक. मार्चमध्ये सिमेट्राची एक टुर्नामेंट झाली आणि कोविडने सगळं बंद. जुलैपर्यंत काही नाही. त्या वर्षीची क्यू-स्कूलसुद्धा, म्हणजे एलपीजीएची क्वालिफायिंग, रद्द झाली, म्हणजे वर चढायचा जिनाच काढून घेतला. आणि आमचा स्प्रिंग सीझन वाया गेला म्हणून एनसीएएने आम्हाला एक वर्ष जास्तीचं दिलं, ते तिला मिळालं नाही कारण ती प्रो झाली होती. कोविड काय रोज येत नाही, मान्य. पण दुखलेलं मनगट, आजारी वडील, हे येतंच की.

पैशाचं तर कुणी बोलतच नाही. त्या टूरवर जिंकणारीला बक्षिसाच्या रकमेच्या १५ टक्के मिळतात, म्हणजे दोन लाख डॉलरची टुर्नामेंट असेल तर ३० हजार. ऐकायला बरं वाटतं, पण ते एकीला. कट चुकला, म्हणजे शेवटच्या राउंड्ससाठी निवडलेल्यांत नाव आलं नाही, तर शून्य. एन्ट्री, गाडी, पेट्रोल, राहणं, जेवण, कॅडी घेतला तर तो, सगळं मिळून रूममेट आठवड्याला हजार-बाराशे डॉलर धरायची आणि कॅडी बहुतेक वेळा घ्यायचीच नाही, बॅग स्वतः ढकलायची. कॉलेजमध्ये विमान, हॉटेल, बॉल, फिजिओ, जिम सगळं फुकट असतं, ते फुकट होतं हे सोडल्यावरच कळतं.

आता आपल्या मुलींसाठी जास्त महत्त्वाचं, व्हिसा. आपण एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जातो. अमेरिकन मुलगी सोमवारी कॉलेज सोडून मंगळवारी टूरवर जाऊ शकते, आपण नाही. परवानगी घेऊन मधेच सोडलं तर देशाबाहेर पडायला १५ दिवस मिळतात, डिग्री पूर्ण केली तर ६० दिवस. प्रो म्हणून खेळायला पी-१ व्हिसा लागतो, त्याला रँकिंग, निकाल, पत्रं असा गठ्ठा लागतो आणि तो १५ दिवसांत होत नाही. त्यामुळे निर्णय डिसेंबरचा असला तरी वकिलाला फोन ऑगस्टमध्येच. जुलै २०२१ पासून अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना नाव वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, टीममधल्या अमेरिकन मुली ग्लोव्हच्या कंपनीच्या पोस्ट टाकायला लागल्या आणि आम्ही एफ-१ वाल्या नुसत्या लाइक करत बसलो, कारण ते काम धरलं गेलं तर व्हिसा धोक्यात. कुणी ऑफर दिली तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार, टीममेटला नको.

मी स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये क्यू-स्कूलची पहिली स्टेज खेळले, कॅलिफोर्नियात रँचो मिराजला. वाळवंट आहे ते. दुपारी पारा ४० च्या बराच वर, ओला टॉवेल मानेवर ठेवला तर पुढच्या टीपर्यंत कडक वाळलेला. तिसऱ्या दिवशी सतराव्या होलला तीन पुट घेतले आणि तीन शॉट्सनी कट चुकला. पण मी अमॅच्युअर म्हणूनच नाव दिलं होतं. हे नीट वाच: प्रो म्हणून एकदा खेळलीस की अमॅच्युअर स्टेटस गेलं, मग कट चुकला म्हणून सप्टेंबरला कॉलेजच्या टीममध्ये परत येता येत नाही. फॉर्म भरायच्या आधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम बघणाऱ्या ऑफिसला, मेल टाक आणि उत्तर लेखी घे. तोंडी 'हो हो चालेल' वर जाऊ नकोस, आमच्याकडे एकीचं त्यावरून फार बिनसलं होतं. मी रविवारी परत आले, सोमवारी सकाळी स्टॅटिस्टिक्सचा वर्ग होता.

नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलतात हेही लक्षात ठेव. २०२४ ला शेवटची स्टेज आठ नाही तर पाच राउंडची होती, अलाबामात मोबीलला, आणि कार्डं ४५ वरून २५ आणि बरोबरीत असतील त्या, एवढ्यावर आली. दुसरीकडे कॉलेजमध्ये राहूनच कार्ड मिळवायचा नवा रस्ता झालाय, लीप म्हणतात, मोठ्या अमॅच्युअर स्पर्धा आणि मेजर्स, म्हणजे प्रोंच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, यांतल्या कामगिरीचे २० पॉइंट जमले की थेट मेंबरशिप. फ्लोरिडा स्टेटची लॉटी वोड २०२५ मध्ये त्यातून आलेली पहिली, आणि प्रो म्हणून पहिलीच स्पर्धा, स्कॉटिश ओपन, जिंकली. मला विचारशील तर हा रस्ता सगळ्यात बरा, कारण कार्ड खिशात पडल्यावर कॉलेज सोडायचं, उलटं नाही. पण तेवढं चांगलं खेळावं लागतं बाई.

आणि एक, जायचंच ठरलं तर कोचला स्वतः जाऊन सांग, सगळ्यात आधी. क्रेडिट्स किती उरलेत, नंतर परत आलीस तर स्कॉलरशिपमधलं काही मिळणार का, हे लिहून घे. मिशेल वी टूरवर खेळत खेळत २०१२ ला स्टॅनफर्डमधून ग्रॅज्युएट झाली, अशक्य नाहीये. रूममेटचे अजून नऊ क्रेडिट्स बाकी आहेत, ऑनलाइन करतेय म्हणते, तीन वर्षं झाली म्हणतेय.

काकूंना मी नंबर दिला. मुलीशी मात्र बोलणं झालंच नाही, आम्ही दोघी तिच्या पुढच्या पाच वर्षांचं ठरवत होतो आणि ती लांब चिपिंग ग्रीनच्या बाजूच्या बंकरमधून एकामागून एक बॉल काढत होती.